शंभराला चार कमी

बोर्ली पंचतनला एका लग्नाला गेलो होतो. पंगती उठल्या आणि परतीच्या एस.टी.ला अजून तीन तास होते. यजमानांनी ओसरीवर चटई घालून दिली, पण डोळा लागेना. शेवटी काठी घेतली आणि खाडीच्या वाटेला लागलो. चाळीस-एक वर्षांनी. वाट आता रुंद झाली आहे, तिच्यावरून गाड्या जातात. पण एका वळणावर, जिथे पूर्वी ओहळ चुकवायला उजवीकडे सरावं लागे, तिथे माझे पाय आपसूक उजवीकडे सरले. ओहळ कधीच बुजला होता.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. कुजक्या पाल्याचा, मिठाचा, कालवांचा तो चिखली वास नाकात शिरला आणि मी काठावरच्या एका दगडावर बसलो तो बसलोच. पलीकडे कांदळाचं रान माजलं होतं. खाऱ्या चिखलात मुळं रोवून उभी असलेली ती बुटकी, काळपट हिरवी झाडं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेली होती. एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून कालवं काढत होती. तिला विचारलं, "बाय, पलीकडं कांदळवाडी होती ना?"

तिने कमरेवर हात ठेवून तिकडे पाहिलं. "कांदळ हाय. वाडी कुठली?"

"घरं होती. भातशेती होती."

"आमी न्हाय बा ऐकली," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

तिचं काही चुकलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीच वाडी गेली होती.

माझं घर श्रीवर्धनचं. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या एकमेकींना खेटून. एका घरात मिरचीची फोडणी पडली की शेजारच्या चार घरांत शिंका. अशा गर्दीतून मी विसाव्या वर्षी मास्तर होऊन या मुलखात आलो आणि पहिले कित्येक दिवस मला कानांत कापूस घातल्यासारखं वाटत राहिलं. इथे टेकड्या जास्त आणि माणसं कमी. शाळेच्या गावातून निघालं की डोंगराची एक सोंड उतरायची, करवंदीच्या जाळ्या, मग नुसता माळ. तासभर चाललं तरी माणूस भेटत नसे. लांब कुठे धुराची रेघ दिसली की वस्ती आली म्हणायची. सहा-सात घरं, एक कुत्रं, दारापुढे रचलेली लाकडं. ती मागे पडली की पुन्हा तासभर कोणी नाही. माणसं एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीला हाक मारीत, लांबवलेल्या सुरात. उत्तर यायला वेळ लागे. तेवढ्या वेळात हाक मारणारा हात कपाळावर धरून तसाच उभा असे.

त्या सगळ्या वस्त्यांत कांदळवाडी सर्वांत टोकाची. मागे उभा डोंगर, पुढे खाडी आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. ही पट्टी मुळात समुद्राचीच. वाडीच्या जुन्या माणसांनी खाडीच्या कडेने माती-दगडांचा बांध घातला, पाणी अडवलं, पावसानं आतली जमीन धुऊन काढली आणि तिथे तांबड्या दाण्याचं भात घेतलं. बांधात एक लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची म्हणजे आतलं पावसाचं पाणी बाहेर जाई; भरतीला बंद. बांधावर उभं राहिलं की एका हाताला गोडं पाणी, दुसऱ्या हाताला खारं. दोन्हींचे वास निराळे. आतून ओल्या भाताचा दुधट वास येई. त्या वासाची आठवण झाली की अजून माझ्या पोटात भूक उठते.

जायचं ते हसनचाचाच्या होडीतून. चाचाचे बापजादे गलबतांवर तांडेल होते. त्याच्या वाट्याला ही एवढीशी खाडी आली होती. तो होडी कधी घाईनं वल्हवत नसे. मधल्या पाण्यात आला की वल्हं क्षणभर उचलून धरी आणि थेंब गळून जाऊ देई. का, ते मी कधी विचारलं नाही.

वाडीचे पाटील धाकू पाटील. साठीचे, उंच, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. रोज सकाळी ते अनवाणी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि खेकड्यांची बिळं शोधीत. बीळ दिसलं की टाचेनं चिखल दाबून बुजवीत. मी एकदा त्यांच्याबरोबर चाललो. म्हटलं, "पाटील, एवढ्याशा बिळानं काय होतंय?"

"मास्तर, तो हितनंच येतो," ते खाडीकडे हात करून म्हणाले. समुद्राला ते नावानं हाक मारीत नसत. नुसतं 'तो' म्हणत, घरातल्या बाया नवऱ्याला म्हणतात तसं.

वैशाखात बांधाची राखण असे. उघाडीजवळच्या दगडाला शेंदूर लागे, कोंबडं दिलं जाई, आणि त्या दिवशी सबंध वाडी चुली विझवून बांधावरच जेवे. तांबड्या तांदळाचा भात, सुक्या जवळ्याचं कालवण, कैरी. मातीच्या गरम भांड्यांवर केळीची पानं झाकलेली असत, त्यांचा करपट गोड वास वाऱ्यावर फिरे. हसनचाचाच्या घरून नारळाच्या दुधातल्या शेवयांचं पातेलं येई. पोरं त्यावर तुटून पडत. मोठी माणसं दुसरीकडे बघत आणि पोरांना काही म्हणत नसत. जेवणं झाली की बायका बांधावर रांगेनं बसून गाणं म्हणत. पाटलांची सून भागी आणि शेजारची सोनीकाकी, या दोघींचे आवाज उंच होते. बाकीच्या त्यांच्या मागून चालत.

मग खानेसुमारीचं साल आलं.

शाळामास्तरांनी माणसं मोजायची असा शिरस्ता होता. माझ्याकडे पाच वाड्या आल्या. महालाच्या कचेरीत आम्हाला कोरी पुस्तकं दिली, एक काळ्या शाईची दौत आणि एक तांबड्या शाईची. पौषात पहिली नोंद करायची, काळ्या शाईत. पुढे ठरलेल्या दिवशी पुन्हा जाऊन ताळा पाहायचा: मेलेला, निघून गेलेला तांबड्या शाईनं खोडायचा, जन्मलेला लिहायचा. तो आकडा खरा. पुस्तकं देताना कारकून सहज म्हणाला, "यंदा नीट मोजा. शंभर आणि वर असेल त्या वस्तीचा बांध कचेरी बांधून देणार. खालच्यांनी आपला आपण बघायचा."

पौषातली ती सकाळ माझ्या सुखाच्या आठवणींतली आहे. पाटील पुढे, हातात गेरूचा वाडगा. ते दारांवर आकडे काढीत आणि मी मागून पुस्तक भरी. बाया नवऱ्याचं नाव घेईनात. शेजारणीनं सांगायचं आणि हिनं पदरात तोंड लपवून हसायचं. वय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"काकी, वय काय लिहू?"

"बांध वाढवला तवा मी रांगत व्हती," सोनीकाकी म्हणाली. "त्यावरनं काय ते लिवा." तिच्या मागे तिची दोन मुलं, रामा आणि काशी, एकमेकांना चिमटे काढीत उभी होती.

पाटलांच्या घरी त्यांचा मुलगा पांडू जाळं विणत बसला होता. भागीला सातवा महिना. नावं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तर, पोटातलं मोजतात काय?"

"जन्मल्यावर."

"मग एक वळ मोकळी सोडा."

पांडू मोठ्यानं हसला. मी खरंच एक ओळ मोकळी सोडली.

बेरीज एकशे चार झाली. मी ती वाचून दाखवली आणि कारकून काय म्हणाला तेही सांगितलं. पाटलांनी तो आकडा दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला. त्यांच्या चांगल्या डोळ्यात पाणी आलं. "म्हंजे आमी हाव," ते म्हणाले.

माघ लागला आणि वाडीत देवी आल्या.

अलीकडच्या काठावरच्या गावांनी होडी लावायला बंदी केली. हसनचाचा दिवसातून एकदा निघे, मधल्या पाण्यात होडी थांबवी, आणि तिथूनच ओरडून सांगे काय झालं ते. आम्ही काठावर उभे असू. टोचून घेतलेला मी एकटाच होतो. मला जाता आलं असतं. मी गेलो नाही. शाळा बंद ठेवायची नाही, असं कारण मी स्वतःला सांगत होतो.

पाण्यावरून आवाज लांब येतो. पहिल्या दिवशी चाचा ओरडला, "रामाऽऽ! सोनीचा रामाऽऽ!" आणि होडी वळवून गेला. तीन दिवसांनी, "काशीऽऽ!" मग चार दिवस कोणी नाही, आम्हाला वाटलं सरलं. मग एका सकाळी दोन नावं. मग पांडू. ते नाव घेताना चाचानं पहिल्यांदा वल्हं खाली ठेवलं आणि हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली. आणखी तीन नावं झाली. एक दिवस होडी आली, मध्ये थांबली, आणि चाचा काहीच बोलेना. आमच्यातला कोणी तरी ओरडला, "कोन रंऽऽ?"

"घरातली," तो म्हणाला. एवढं हळू म्हणाला तरी ऐकू आलं.

चाचाची बीबी. ती नववी.

फाल्गुनाच्या सुरुवातीला दुसऱ्या मोजणीचा दिवस आला. आमच्यासारख्या आडवाटेच्या वस्त्यांत दिवसाउजेडी मोजायची सवलत होती. मी दुपारी पलीकडे उतरलो. कडुलिंबाच्या पाल्याचे हार अजून दारांवर होते, वाळून खडखडत होते. उदाचा वास सगळीकडे भरून राहिला होता आणि त्याखाली दुसरा एक वास होता, त्याला मी नाव देत नाही. शिमगा दहा-बारा दिवसांवर आलेला. एरवी या दिवसांत पोरं ढोल ताणून बसायची. ढोल कुठे ऐकू आला नाही.

सगळी पाटलांच्या अंगणात जमली होती. ज्यांच्या तोंडावर खपल्या होत्या ती मागे बसली होती. भागी ओटीवर भिंतीला टेकून होती, मांडीवर सोळा दिवसांची मुलगी.

मी पुस्तक उघडलं. मनातल्या मनात बेरीज आधीच करून झाली होती आणि पाटलांचीही झाली होती. एकशे चारांतून नऊ गेली, एक आली. शहाण्णव.

"मास्तर," पाटील म्हणाले, "चार नावं र्‍हाऊ द्या."

मी मान वर केली नाही.

"नऊ न्हाय मागत मी. चारच. पाच खोडा. चार र्‍हाऊ द्या. कोन येतो हितं बघायला? जमीन तर खोटी न्हाय ना आमची? बांध तर खोटा न्हाय?"

"पाटील, खोटी नोंद केली तर शिक्षा आहे. पुस्तकावरच छापलंय."

"कोनाला कळनार?"

आणि मग मी ते वाक्य बोललो, जे बोलण्याची काही गरज नव्हती. मी म्हटलं, "चार म्हणजे कोणती चार?"

मला वाटतं पाटलांनी तोवर तसा विचारच केला नव्हता. ते बोटांवर मोजू लागले. "एक आमचा पांडू..." म्हणाले आणि थांबले. त्यांना दिसलं की सगळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

सोनीकाकी उठून पुढे आली. तिने माझ्या पुढ्यात उकिडवं बसून पुस्तकावर हात ठेवला. "माजी दोनी ठेवा," ती म्हणाली. "ल्हान हायत. जागा न्हाय लागत त्यांना."

मागून एक म्हातारा म्हणाला, "माज्या भावाला का खोडता मग?" दुसरी एक बाई रडू लागली. कोणीतरी तिला गप्प कर म्हटलं, कोणीतरी त्याला उलट बोललं. हसनचाचा कुडाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आमची खोडा, मास्तर. आमचं एकच नाव हाय, ते खोडा. दुसऱ्याचं राखा." त्यावर पाटील म्हणाले, "तसं न्हाय रं, हसन. तसं न्हाय."

त्या अंगणातल्या सगळ्यांनी मिळून नऊ माणसं रडून पुरली होती. माझ्या एका प्रश्नानं ती निराळी झाली, घराघरांची झाली. भागी ओटीवरून बघत होती. तिने आपल्या नवऱ्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, "मास्तर, काय करायचं ते करा आन बंद करा ते पुस्तक."

मी तांबडी दौत उघडली. नऊ ओळींवर नऊ रेघा मारल्या. रेघा सरळ आल्या, हे मला स्वच्छ आठवतं. मग मोकळ्या ओळीवर लिहिलं: मुलगी, वय सोळा दिवस. नाव अजून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ती जागा कोरी.

मी सचोटीनं वागलो की भ्यालो? हा प्रश्न मी पुढे शेकडो वेळा स्वतःला विचारला आहे. मी बावीस वर्षांचा होतो. पुस्तकावरच्या त्या छापील ओळीनं मला धाक घातला होता, आणि खरं लिहिण्याचा एक ताठाही होता. कोणतं किती, ते मला आज सांगता येत नाही. परत येताना हसनचाचानं नेहमीसारखं वल्हं मधल्या पाण्यात उचललं नाही. सरळ काठाला लावलं.

चैत्रात कचेरीचा कागद आला. वस्ती शंभराच्या आत, सबब बांध आपला आपण पाहावा. तो कागद वाडीला वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि कागद घडी घालून छपराच्या वाशात खोचला.

वैशाखात शाळेला सुटी लागली. त्या सुटीत मी घरी गेलो नाही, वाडीवर राहिलो. बांधाला तीन ठिकाणी खोल चिरा गेल्या होत्या. पहाट असो की दुपार, ओहोटीच्या वेळेला सगळी खाडीत उतरत. चिखल कापायचा, टोपलीत भरायचा, हातोहात वर द्यायचा, त्यात कांदळाच्या फांद्या आणि पेंढा दाबायचा, वर दगड. मेलेल्यांत पाच जण ऐन कामाचे होते. त्यांच्या जागा रांगेत रिकाम्या राहत आणि टोपली द्यायला दोन पावलं जास्त टाकावी लागत. भागी मुलीला बांधावरच्या भेंडीच्या झाडाला झोळीत टांगून टोपल्या वाही. मी रांगेत तिच्या पुढे असे. ती मला टोपली देताना कधी डोळ्याला डोळा देत नसे, पण टोपली जड असली तर "जड हाय" एवढं सांगे. माझे हात सोलवटले तेव्हा सोनीकाकीनं कोकमाचं तेल गरम करून लावलं. तिने मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

राखण त्याही वर्षी झाली. कोंबडं दिलं, भात शिजला. शेवयांचं पातेलं आलं नाही, करणारीच नव्हती. बायका बांधावर रांगेनं बसल्या, पण गाणं कोणी काढलं नाही. जेवून सगळी लवकर उठली.

आषाढ-श्रावण सुखरूप गेले. भात कमरेएवढं वाढलं. भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला दाणा दुधात होता आणि वारा नैऋत्येचा. सकाळी शाळा भरतानाच टेकडीवरून हाक ऐकू आली. मी मुलांना सोडलं आणि पळत खाडीवर गेलो. हसनचाचा होडी घेऊन उभा होता, जणू मी येणारच हे त्याला ठाऊक होतं.

बांध जुन्या चिरांपाशी फुटला नव्हता. नव्याच जागी, उघाडीच्या डाव्या अंगाला, हातभर खिंडार पडलं होतं आणि आम्ही पोचेपर्यंत ते चार हातांचं झालं. सगळी वाडी पाण्यात होती. पुरुष खिंडारात एकमेकांच्या कमरा धरून उभे, त्यांच्या पाठीमागे बायका फळ्या, पेंढे, दारं, जे मिळेल ते दाबत होत्या. घरांची दारं काढून आणली होती. त्यांवर पौषात पाटलांनी काढलेले गेरूचे आकडे होते. पाटील मध्यभागी होते, छातीपर्यंत पाण्यात. ते शिवी देत नव्हते, देवाला हाक मारीत नव्हते. नुसतं म्हणत होते, "धरा. धरा. आता फिरंल तो. धरा."

भरती फिरायला तासभर होता. आम्ही अर्धा तास धरलं असेल. मग एका टोकाला साखळी सुटली. तिथे माणसं विरळ होती. किती कमी पडली ते मी मोजलं नाही.

कोणी बुडालं नाही. पाणी आम्हाला उचलून आत घेऊन गेलं आणि भाताच्या शेंड्यांवर सोडून दिलं. मी उभा राहिलो तेव्हा चहूकडे पिवळट पाणी होतं आणि हिरवे शेंडे त्यात हलत होते. भागी मुलीला डोक्यावर धरून डोंगराकडे चालली होती. मागे वळून न बघता.

नंतरचे दिवस वासांचे आहेत. खाऱ्या पाण्यात कुजणाऱ्या भाताचा वास, मेलेल्या बेडकांचा, गांडुळांचा. विहिरीचं पाणी आठवड्याभरात मचूळ झालं. आश्विनात पाणी ओसरलं आणि शेतांवर मिठाचा पांढरा पापुद्रा आला, चालताना पायाखाली चुरचुरायचा. पाटील तरीही रोज सकाळी बांधावरून जात. खिंडारापाशी थांबत आणि तिथून परत फिरत.

पुढची दोन वर्षं त्यांनी खिंडार बुजवायचा प्रयत्न केला, पण दर वेळी रांग आखूड असे. एकेक घर उठू लागलं. भागी पहिल्या वर्षीच मुलीला घेऊन भावाबरोबर मुंबईला गेली. भाऊ गिरणीत होता. त्या मुलीचं नाव काय ठेवलं ते मला कधीच कळलं नाही. सोनीकाकी माहेरी गेली, त्या वयात. हसनचाचा प्रत्येकाला अलीकडे सोडी आणि त्यांची भांडीकुंडी उतरवायला हात लावी. शेवटी न्यायला माणूस उरला नाही तेव्हा त्यानं होडी चिखलात ओढून ठेवली आणि तो लेकाकडे गेला. माझीही बदली झाली, श्रीवर्धनला, घरच्या घरी. लोक म्हणाले, नशीबवान.

तिथेच मला पाटील पुन्हा भेटले. मधे सात-आठ वर्षं गेली होती. ओळखीच्या एकांच्या पोफळीच्या वाडीत मी काही निरोप घेऊन गेलो, तर रहाटाच्या बैलामागे एक उंच वाकलेला माणूस चालत होता. उजव्या डोळ्यात फूल. दुसऱ्याच्या वाडीला पाणी लावायच्या कामावर ते राहिले होते. पोफळींच्या सावल्यांचे पट्टे त्यांच्या अंगावर पडत होते आणि ते गोल गोल फिरत होते.

"पाटील," मी म्हटलं.

ते थांबले. ओळखायला वेळ लागला नाही. "मास्तर," म्हणाले. बैल उभा राहिला. त्यांनी मला घरच्यांची खुशाली विचारली, लग्न झालं का विचारलं, मुलं किती विचारलं. मी सांगितलं. पाण्याचे पाट वाहत होते, ओल्या मातीचा आणि सोललेल्या सुपारीचा वास होता. मी निघणार होतो. निघायलाच हवं होतं. पण माझ्या तोंडून ते आलंच.

"पाटील, मी ती चार नावं ठेवली असती तर बांध राहिला असता का हो?"

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग बोलले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले.

"तुला वाटतं मी न्हाय म्हनावं," ते म्हणाले. "मला दिसतंय ना तुज्या तोंडावर. पन मी न्हाय म्हननार न्हाय, मास्तर. आन व्हय पन म्हननार न्हाय. कचेरीनं बांधला असता तर टिकला असता का, त्यो त्या दिवशी कसा आला असता, मला काय ठाव? तू तवा जे व्हतं तेच लिवलंस. आता मला जे ठाव न्हाय ते मी बोलू कसा?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माया होती असंही मी म्हणणार नाही. त्यांनी बैलाला हाकारलं आणि रहाट पुन्हा कुरकुरू लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. प्रत्येक फेरीत ते माझ्या समोरून गेले आणि थांबले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं.

खाडीवरची बाई कालवांची टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली होती. पाणी चढू लागलं होतं, कांदळाच्या मुळांतून आवाज न करता आत शिरत होतं. मी एस.टी. चुकवली. दुसऱ्या गाडीला लोकांनी मला बसायला जागा करून दिली, म्हातारा म्हणून. घाट चढेपर्यंत बाहेर एक दिवा दिसला नाही.

व्हयही नाही, न्हायही नाही. तेवढ्यावर मी आजवर आहे.